ध्वनीची मूळ नोंद खोडू नका

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेत फिरताना माझी नजर सर्वांत आधी कशाकडे जात असेल? उपकरणाकडे नव्हे, विद्यार्थ्याच्या खोडरबराकडे! साध्या दोलकाचा प्रयोग चाललेला असतो. वीस आंदोलनांना लागणारा वेळ विद्यार्थी मोजतो आणि लिहितो : ४०.२ सेकंद, ४०.३ सेकंद, ४२.३ सेकंद, ४०.२ सेकंद. तिसरा आकडा इतरांत बसत नाही. तो घाबरतो, इकडे-तिकडे पाहतो आणि हळूच खोडरबर चालवून ४२.३ च्या जागी ४०.३ लिहितो. वही स्वच्छ दिसते. प्रयोग मात्र तिथेच बिघडतो.

असे का बरे? ४२.३ हा आकडा चुकीचा होता हे खरे. पण त्याच्याकडे जरा निरखून पाहा. इतर आकड्यांपेक्षा तो सुमारे दोन सेकंदांनी अधिक आहे, आणि या दोलकाचे एक आंदोलनही सुमारे दोन सेकंदांतच पुरे होते. म्हणजे विद्यार्थ्याने वीसऐवजी एकवीस आंदोलने मोजली होती! चुकीचा आकडासुद्धा काहीतरी सांगत होता. तो खोडला आणि सांगणाराच नाहीसा झाला. म्हणून आम्ही शिक्षक बजावत असतो, की वाचन चुकले असे वाटले तर त्यावर एकच बारीक रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि शेजारी कारण लिहा.

घरी बसून संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलामुलींनीही हाच नियम पाळला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगवहीचा आणि गाण्याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो संबंध मला एका चुकीतून कळला.

घरातील स्टुडिओ

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. पुढे १९०२ साली फ्रेडरिक गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक भारतात आला आणि कोलकात्यात त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. हॉटेलातील खोल्यांचाच त्याने तात्पुरता स्टुडिओ केला होता. गायिकेने भोंग्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे आणि सुमारे तीन मिनिटांत गाणे संपवायचे, असा तो प्रकार. मेणाच्या तबकडीवर जे कोरले जाई ते कोरले जाई. नंतर काही जोडता येत नसे की वगळता येत नसे.

आज तेच काम शाळेतल्या मुलाच्या टेबलावर होते. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, फुकट मिळते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते तयार केले आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. संगणकाला मायक्रोफोन जोडायचा, पडद्यावरचे लाल बटण दाबायचे आणि बोलायचे. आवाजाची लहर पडद्यावर उमटू लागते. ती कापता येते, चिकटवता येते, मोठी करता येते, तिच्यातील खरखर काढता येते. केवढी सोय! पण मित्रहो, अशा सोयीतच खोडरबर दडलेले असते.

जात्याची घरघर

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. माझी थोरली आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. नववीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने आपला लॅपटॉप आणि एक साधा मायक्रोफोन बरोबर आणला होता. माजघरातले जाते कित्येक दिवसांनी पुसून मांडले, आत्याने खुंटा धरला आणि ज्वारी दळता दळता अर्धा तास ओव्या म्हटल्या. मुद्रण छान झाले. परत आल्यावर आम्ही ते ऐकले, तेव्हा मलाच खटकले. आत्याच्या आवाजामागे जात्याची घरघर सतत ऐकू येत होती. मी भाच्याला म्हटले, "एवढी घरघर काढून टाक, म्हणजे शब्द स्वच्छ ऐकू येतील."

त्याने आज्ञेप्रमाणे ती काढली. जागा वाचावी म्हणून फाइल लहान केली आणि मूळ फाइल पुसून टाकली. लहान केलेली फाइल सर्व नातेवाइकांना पाठवली. सर्वांनी वाहवा केली.

पुढे आत्या गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी ते मुद्रण लावले, तेव्हा माझी आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही मध्येच थांबते का रे? आणि जाते कुठे गेले?" मी चमकलो. आत्या थांबत होती ती जात्याच्या तोंडात ज्वारीची मूठ वैरण्यासाठी. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्यांवर बसलेली होती. घरघर गेली तशी चालीची बैठकच गेली; उरले ते अधांतरी शब्द आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडबुडे यावेत तसा विचित्र आवाज. आम्ही ज्याला कचरा समजून काढले, तो त्या गाण्याचा अर्धा भाग होता. आता तो कोणत्याही उपायाने परत येणार नाही. दोष भाच्याचा नव्हता, सॉफ्टवेअरचाही नव्हता. मुलांना 'वाचन खोडू नका' म्हणून रोज सांगणाऱ्या मास्तराचाच होता!

खरखर कशी काढली जाते?

सॉफ्टवेअरने नेमके काय केले ते समजून घेऊ. कोणताही गुंतागुंतीचा आवाज हा अनेक साध्या कंपनांची बेरीज असतो, हे फ्रेंच गणिती फूरिये याच्या गणितावरून दाखवता येते. प्रत्येक साध्या कंपनाची एक कंप्रता असते, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. ती हर्ट्‌झ या एककात सांगतात. खरखर काढताना आपण आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा निवडून दाखवतो. त्या तुकड्यात कोणत्या कंप्रता किती जोराच्या आहेत, याची यादी संगणक करतो. मग सबंध मुद्रण तपासताना, ज्या क्षणी एखाद्या कंप्रतेचा जोर यादीतल्या मर्यादेच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, त्या क्षणी ती कंप्रता तो दाबून टाकतो.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. खरखर म्हणजे काय, हे संगणकाला मुळीच कळत नाही. आपण जे बोट दाखवू ते खरखर! पंख्याचा आवाज दाखवला तर तो पंखा काढील, तंबोरा दाखवला तर तंबोराही काढू पाहील. आम्ही त्याला जाते दाखवले. शिवाय आत्याच्या आवाजातल्या ज्या हळू छटा जात्याच्याच कंप्रतांच्या होत्या, त्याही दाबल्या गेल्या. उपकरणाने आज्ञा पाळली. निवड आमची चुकली. आणि माणसाची निवड चुकू शकते, म्हणूनच मूळ नोंद जपून ठेवायची असते.

एका सेकंदात ४४,१०० वाचने

आता प्रयोगवहीची आणि ध्वनिमुद्रणाची तुलना निव्वळ अलंकारिक नाही, हे पाहा. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन या चढउतारांचे विद्युत दाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. संगणकाला जोडलेले मंडल ठराविक काळाने हा विद्युत दाब मोजते आणि आकडा लिहून ठेवते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करायची असे ठरले. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि एखादी कंप्रता नोंदवायची तर सेकंदाला तिच्या दुपटीहून अधिक मोजमापे लागतात, म्हणून ही संख्या ४०,००० च्या थोडी वर आहे.

प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत, म्हणजे १६ बिटांत लिहिले, तर आपल्या मोजपट्टीवर ६५,५३६ पायऱ्या मिळतात. व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप तुम्ही काढता ना? तसेच हे ध्वनीच्या मोजपट्टीचे लघुतम माप समजा. तात्पर्य, ध्वनीची फाइल म्हणजे निरीक्षणांचा तक्ताच होय. दोलकाच्या प्रयोगात तुम्ही तासाभरात दहा-वीस वाचने घेता. इथे सेकंदाला ४४,१०० घेतली जातात, एवढाच फरक. मग दहा वाचनांच्या वहीला जो नियम, तो या अजस्र वहीला का नसावा?

जे नोंदले नाही ते परत येत नाही

काही मुले म्हणतात, "मुद्रण कसेही करू, नंतर सॉफ्टवेअरमध्ये सुधारू." हा समज मला फार घातक वाटतो. मोजपट्टीबाहेरचा आवाज आला तर काय होईल, याचा विचार करा. वजनकाट्याची मर्यादा दहा किलोची असेल आणि त्यावर पंधरा किलोचे पोते ठेवले, तर काटा दहावरच टेकतो. वीस किलोचे ठेवले तरी दहावरच. तसेच फार मोठ्याने गायले तर लहरीचे शेंडे सपाट कापले जातात. ते किती उंच होते हे कोठेच लिहिलेले नसते. पुढे सॉफ्टवेअर त्या जागी नवे शेंडे काढील; पण तो अंदाज झाला, वाचन नव्हे. म्हणून सर्वांत मोठा सूर पूर्ण मापाच्या सुमारे एक चतुर्थांशावर, म्हणजे मापकावर उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहील अशी पातळी आधीच जुळवावी.

जागा वाचवण्यासाठी सेकंदाला ८,००० च मोजमापे घेतली, तर ४,००० हर्ट्‌झच्या वरचे ध्वनी नोंदलेच जात नाहीत. 'स'चा सीत्कार बराचसा त्याच प्रदेशात असतो. जुन्या टेलिफोनवरून सुमारे ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचेच ध्वनी जात, म्हणून नाव सांगताना "समईतला स" असे म्हणावे लागे. एमपी-३ प्रकारच्या फाइलमध्ये, एका मोठ्या आवाजाखाली जे लहान आवाज आपल्या कानाला सहसा जाणवत नाहीत, त्यांच्या नोंदीत काटछाट करून जागा वाचवतात. ऐकण्यासाठी, पाठवण्यासाठी ती ठीक आहे. जतन करण्यासाठी नव्हे. जतनासाठी वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारची फाइल ठेवावी. फ्लॅकमध्ये जागा कमी लागते आणि एकही वाचन गमावले जात नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या काही आज्ञावली अस्पष्ट आवाज नवा करून देतात. त्या आवाज स्वच्छ करतात खऱ्या. पण जिथे काही ऐकू येत नाही तिथे काय असावे, हे त्या अनुमानाने भरतात. अनुमान करण्यात पाप नाही. अनुमानाला निरीक्षण म्हणून वहीत लिहिणे, हे मात्र विज्ञानात पाप आहे.

काजळीवरची रेघ

मूळ नोंद जपल्याने काय साधते, याचे एक सुंदर उदाहरण सांगतो. पॅरिसमध्ये छपाईच्या व्यवसायात असलेल्या एदुआर्द-लेओं स्कॉट द मार्तीनव्हिल या गृहस्थांनी १८५७ साली एका यंत्राचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. बोलण्याने एक पडदा थरथरे, त्याला जोडलेली टोकदार काडी काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. हा आवाज पुन्हा ऐकता येईल अशी त्यांची कल्पनाही नव्हती. रेघ डोळ्यांनी पाहायची, एवढेच. १८६० साली त्यांनी एका फ्रेंच लोकगीताची अशी रेघ काढली.

तो कागद तसाच राहिला. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याचे सूक्ष्म चित्र घेतले आणि संगणकाच्या मदतीने त्या रेघेचा पुन्हा आवाज केला. १४८ वर्षांपूर्वीचे गाणे जगाने ऐकले! प्रथम वाटले, की एखादी मुलगी गात आहे. पुढच्याच वर्षी लक्षात आले, की गती दुप्पट झाली होती. तो पुरुषाचा संथ आवाज होता, बहुधा स्वतः स्कॉट यांचाच.

ही चूक कशी सापडली? स्कॉट यांनी गाण्याच्या रेघेबरोबरच एका नादकाट्याची रेघही काढून ठेवली होती. तिच्यावरून वेळ मोजता येत होता. पण त्या काळी फ्रान्समध्ये काट्याचे एका बाजूस जाणे हेच एक कंपन मोजण्याची रीत होती. आपण जाणे-येणे मिळून एक कंपन धरतो. मोजणीतल्या या फरकाने गती दुप्पट धरली गेली. दोलकाच्या त्या एकवीस आंदोलनांची आठवण होते ना? चूक झाली, पण मूळ कागद शाबूत होता म्हणून ती दुरुस्त करता आली. १८६० मध्ये कोणी 'रेघ जरा नागमोडी आहे, सरळ करू' म्हणून हात फिरवला असता तर?

दुसरी बाजू

माझ्या मताला विरोध करणारे म्हणतील, "गाणे म्हणजे काही प्रयोग नव्हे. ऐकणाऱ्याला गोडी हवी. खोकला, कुत्र्याचे भुंकणे, पंख्याची घरघर कोण ऐकणार?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीत करायचे असेल, तर चुकलेला सूर कापा, चार वेळा गाऊन उत्तम तेवढे घ्या. ती कला आहे आणि तिचेही शास्त्र आहे. माझा आग्रह एवढाच आहे, की हे सारे संस्कार प्रतीवर करा, मुळावर नव्हे. ऑडॅसिटीच्या २०२२ मधील ३.२ या आवृत्तीपासून काही संस्कार मूळ लहरीला धक्का न लावता करण्याची सोयही आहे. 'मागे घ्या' या आज्ञेवर मात्र विसंबू नका. काम बंद केले की तिची स्मृती पुसली जाते.

"एवढ्या फाइली ठेवायच्या कुठे?" असाही प्रश्न येतो. गणितच करू. एका मायक्रोफोनचे मुद्रण, सेकंदाला ४४,१०० मोजमापे, प्रत्येकी दोन बाइट. मिनिटाला ५२,९२,००० बाइट, म्हणजे सुमारे ५.३ मेगाबाइट झाले. तर ३२ गिगाबाइटच्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर सुमारे १०० तासांचे मुद्रण मावते. आत्याच्या अर्ध्या तासाला १६० मेगाबाइटही लागले नसते. तेवढ्यासाठी मी जाते गमावले!

आणि पुढच्या माणसाला काय हवे असेल, हे आज आपण कसे ठरवणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या शेकडो खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतून कोणी शब्द अभ्यासील, कोणी चाल, कोणी बोलीतले उच्चार. उद्या एखादी विद्यार्थिनी म्हणेल, मला दळण्याचा वेग हवा. तिच्यासाठी घरघर हेच निरीक्षण आणि ओवी ही खरखर!

तुम्ही काय कराल?

येत्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज नोंदवून ठेवा. महागडी साधने लागत नाहीत, विचार मात्र लागतो. आधी पंखा आणि दूरदर्शन संच बंद करा. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज परावर्तित होऊन घुमतो. पावणेदोन मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला ध्वनीला सुमारे एकशतांश सेकंद लागतो. हे परावर्तन नंतर काढणे फार कठीण, आधी टाळणे सोपे. भिंतींवर गोधड्या, रजया टांगा, किंवा कपड्यांचे उघडे कपाट पाठीशी घ्या. मायक्रोफोन जवळ, वीतभर अंतरावर ठेवा. अंतर दुप्पट केले की थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. खोलीतला घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो.

सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीची शांतता नोंदवा. मग तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव स्पष्ट सांगा. शाळेतून ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा मिळाला तर स्कॉट यांच्याप्रमाणे तोही एकदा वाजवा. नंतर पडद्यावर ती लहर मोठी करून पाहा. एका कंपनात साधारण ८६ मोजमापे दिसली, तर तुमचे घड्याळ बरोबर चालले आहे असे समजा. हा प्रयोग वहीत लिहून शिक्षकांना जरूर दाखवा.

मुद्रण झाले की मूळ फाइलच्या नावात तारीख घाला, तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा आणि मगच तिसऱ्या प्रतीवर हवी ती कारागिरी करा. काय केले, ते वहीत एका ओळीत लिहा.

आमचे जाते अजून माजघराच्या कोपऱ्यात आहे. भाचा आता महाविद्यालयात आहे. गेल्या सुट्टीत त्याने ते मांडले, स्वतःच खुंटा धरून फिरवले आणि त्याची घरघर नोंदवून घेतली. आत्याच्या ओव्यांखाली ती जोडू या का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. ती घरघर त्याच्या हाताची होती, आत्याच्या नव्हे. तिची फाइल आम्ही वेगळ्या नावाने, तारखेसह जपून ठेवली आहे.